जिनाप्पाची हुग्गी आणि त्रिशलाचं पोट

निपाणीहून बोरगावच्या अंगाला जाणाऱ्या पट्ट्यात मोठं जेवण कुठंही असो, लग्न असो, वास्तुशांती असो की पंचकल्याणिक पूजा, हुग्गीच्या पातेल्यापाशी जिनाप्पा मगदूम उभा नसला तर लोक आधी विचारायचे, "आजारी हाय काय?" धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर टॉवेल, हातात वल्ह्याएवढं लाकडी उलथणं, आणि तोंडाचा पट्टा पातेल्यापेक्षा जास्त तापलेला. आमंत्रण नसलं तरी त्याचं काही अडायचं नाही. हुग्गीला जिनाप्पा लागतो हे त्यानंच सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी लोकांना ते खरं वाटायला लागलं होतं.

हुग्गी म्हणजे उखळात सडून कोंडा काढलेल्या खपली गव्हाची, गूळ, खोबरं आणि सढळ तूप घालून शिजवलेली खीर. हे असं लिहिलेलं जिनाप्पाला खपणार नाही. "खीर आजाऱ्याला देत्यात. हुग्गी माणसाला," हे त्याचं मत. खपली तो स्वतः पिकवायचा, घरी सडून घ्यायचा, आणि बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, भगवंतापुढं हात जोडताना त्याचे डोळे मिटायचे नाहीत तेवढे खपलीच्या पोत्याचा वास घेताना मिटायचे.

"बाकीचा गहू खताच्या पोत्यातनं आलाय," तो भेटेल त्याला सांगायचा. "खपली म्हंजे गव्हाचा आज्जा. साखर झालेल्यास्नी चालतीय, गुडघं गेलेल्यास्नी चालतीय. पुण्याची मान्सं गाडी घिऊन येत्यात माझ्या दारात." खपलीनं बरा होत नाही असा रोग त्याला कुणी दाखवला नव्हता. दाखवला असता तर त्यानं रोगालाच नावं ठेवली असती.

धर्माच्या बाबतीत मात्र गडी सैल. आमच्याकडं चातुर्मासात लोक नेम घेतात. मुनींपुढं किंवा माताजींपुढं, म्हणजे साध्वींपुढं, हात जोडून एखादा पदार्थ सोडायचा, कुणी तूप, कुणी मीठ, कुणी गोड. जिनाप्पाची बायको मालुबाई दरवर्षी काहीतरी सोडायची आणि जिनाप्पा दरवर्षी चारचौघांत म्हणायचा, "हिनं भेंडी सोडली, दही सोडलं, गूळ सोडला. मला सोडत न्हाय तेवढं."

मालुबाईचं उत्तर ठरलेलं असायचं. "नेम आवडत्या वस्तूचा घेत्यात."

त्यानं स्वतःही एकदा तंबाखूचा नेम घेतला होता. निपाणीच्या तालुक्यात जन्मून तंबाखू सोडायची म्हणजे माशानं पाण्याशी अबोला धरण्यातला प्रकार. तो नेम इतका थोडा टिकला की गावात अजून वाद आहे, जिनाप्पानं नेम घेतला होता की नुसता घेईन म्हणाला होता.

तर असा हा माणूस. आता त्याच्या नातीचं सांगतो.

जिनाप्पाचा एकुलता एक मुलगा जिनेंद्र बेळगावात राहतो. उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी, वडगावात भाड्याचं घर, भिंतीपलीकडं दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. बायको चंदना चिकोडीची, शिकलेली, बोलते कमी आणि ऐकते सगळं. सासरच्यांना अशी सून फार जड जाते. आणि त्यांची मुलगी त्रिशला. त्रिशला म्हणजे जिनाप्पाचा जीव की प्राण. तो सगळ्या जगाशी वाकड्यात बोलायचा, पण ह्या पोरीपुढं त्याची जीभ आपोआप सरळ व्हायची.

पोर जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. दुधावरून अन्नावर आली, शिरा, शेवया, चपातीचा काला सुरू झाला, आणि हळूहळू तिचं पोट तेवढं वाढायला लागलं. बाकीची पोरगी वाढायची थांबली. हातपाय काटक्या, पोट डेऱ्यासारखं, तोंड सदा रडवेलं. शी पातळ, पांढुरकी आणि तिचा वास असा की मालुबाई नाकाला पदर लावून जिनदेवाचं नाव घ्यायची. मगदुमांच्या घरात धर्मानंतर पोट हाच मोठा विषय, त्यामुळं पोरगी गावी आली की तिच्या शीवर सगळ्यांची सभा भरायची. मालुबाईच्या मते नजर लागली होती. शेजारणीच्या मते जंत होते. जिनाप्पाबरोबर हुग्गी ढवळणारा भरमू म्हणाला, "पोरगी बापावर गेलीया. जिनेंद्र बी लहानपणी असाच मरतुकडा हुता." मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, मुरडशेंग उगाळून झाली, जंताचं औषध तर इतक्या वेळा झालं की जंत असतेच तर वैतागून स्वतःहून निघून गेले असते.

चंदना एवढं सगळं ऐकून घेत होती. मग एक दिवस कुणालाही न विचारता ती पोरीला घेऊन बेळगावात मुलांच्या पोटविकाराच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर धारवाडकडच्या बाई. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बिणीची नळी पोटात घालून आतड्याचा कण तपासायला पाठवला आणि रोगाचं नाव सांगितलं, सीलिअॅक. औषध काही नाही. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद. कायमचं.

जिनेंद्रनं हे फोनवर सांगितलं तेव्हा जिनाप्पा आधी खवळला. "गहू बंद? मगदुमाच्या घरात?" मग जरा वेळानं त्याचा चेहरा उजळला. "बराबर हाय त्या बाईचं! खताचा गहू इषारीच हाय. मी किती वर्सं बोंबलतोय? आता डाक्टरीण सांगतीय म्हटल्यावर पटलं तुमास्नी." एका लेकराचं आतडं सोलून निघालं होतं आणि आजोबांना वाटत होतं की निकाल आपल्या बाजूनं लागला.

बेळगावात चंदनानं घरातून गव्हाचा कण न् कण काढला. ज्वारी-नाचणीचं पीठ घरीच दळायला लागली, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असला की त्यातलंही पीठ मिसळतं. त्रिशला भाकरी, भात, आमटी खाऊ लागली आणि हळूहळू माणसात आली. पोट उतरलं. पोरगी मागांच्या तालावर उड्या मारायला लागली. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर चंदनानं तिला गावी पाठवलं, मालुबाईला सगळं नीट समजावून. मालुबाईनं सुनेचा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. गव्हाच्या पिठाचा डबा शेजारी नेऊन ठेवला.

आणि जिनाप्पानं काय केलं? मालुबाई बस्तीत गेली की तो नातीला परसात न्यायचा आणि जेवणावळीतनं आणलेली हुग्गी वाटीतून जरा जरा भरवायचा. चोरून द्यावं म्हणून नव्हे. त्याचा साधा हिशेब होता: खताच्या गव्हानं जे बिघडलं ते खपलीच दुरुस्त करणार. सून शहरात राहिलेली, तिला खपलीतलं काय कळतंय.

"हे औषद हाय बरं का त्रिशले," तो सांगायचा. "कुणाला सांगायचं न्हाय. औषद सांगितलं की गुण जातोय."

ही आमच्याकडची जुनी समजूत. झाडपाल्याचं औषध देणारा ते कुणाला सांगत नाही, घेणाऱ्यानंही सांगायचं नसतं. त्रिशला शहाणी पोर. तिनं नाही सांगितलं. औषध गोड होतं, मग सांगायचं कशाला?

सुट्टी संपायच्या आत पोरीचं पोट पुन्हा डेरा. जुलाब, उलटी, कुरकुर. जिनाप्पा म्हणाला, "औषद आदी घाण बाहीर काडतंय, मग गुण येतोय." चंदना धावत आली आणि सासूच्या स्वयंपाकघरात शिरली. डबे उघडले, मिसळणाचा डबा हुंगला. मालुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी एक कण दिला आसंल तर भगवंताची आण," ती म्हणाली. चंदनानं विश्वास ठेवला नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि जिनाप्पा ओसरीवर बसून दोघींना सांगत होता, "भांडू नगासा गं, भांडू नगासा." तंबाखूची चिमूट ओठात होती आणि मन अगदी स्वच्छ होतं. गहू दिला नव्हता ना त्यानं!

बेळगावला गेल्यावर पोरगी पुन्हा सुधारली. दिवाळीत गावी आली, पुन्हा बिघडली. रक्तातले आकडे खाली उतरलेले, ते परत वर चढले. डॉक्टरीणबाईंनी जिनेंद्रला सांगितलं, घरातली सगळी माणसं घेऊन या. जिनाप्पा नवा पटका बांधून आला. डॉक्टरला चार गोष्टी आपणही सांगू, असा त्याचा बेत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्रिशलाला समोर बसवलं. "पुट्टी, काय काय खातीस तू सांग बघू."

"भाकरी. भात. इडली. आमटी," त्रिशला म्हणाली. मग आजोबाकडं बघून थांबली. "आन् औषध."

"कुठलं औषध?"

"सांगितलं की गुण जातो."

चंदनानं सासऱ्याकडं पाहिलं. जिनाप्पानं घसा खाकरला, पटका सारखा केला आणि छाती पुढं काढून म्हणाला, "त्यात लपवायचं काय हाय? खपली देतोय मी. असली. घरची. साखरेवाल्यास्नी चालतीय ती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जिनाप्पाला ओरडण्याला ओरडून उत्तर देता येत होतं.

"आजोबा, खपली गहूच," त्या म्हणाल्या. "जुना असेल, चांगला असेल, बाकीच्यांना औषध असेल. पण जे प्रोटीन हिला चालत नाही ते त्यात आहेच. बघा, आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू आला की मारतात. हिच्या राखणदारांना गव्हातलं ते प्रोटीन शत्रू वाटतं. ते आलं की राखणदार खवळतात, आणि शत्रू राहतो बाजूला, हिच्याच आतड्यावर तुटून पडतात. आतड्याला आतून टॉवेलासारखी लव असते. ती झडून जाते. मग खाल्लेलं अंगाला लागणार कसं?"

"म्हंजे राखणीचं कुत्रं मालकालाच चावतंय," जिनाप्पा हळू आवाजात म्हणाला.

"बरोबर. आणि ते कुत्रं मारता येत नाही. हाकलता येत नाही. फक्त त्याला डिवचायचं नाही."

"येका चमच्यानं बी?"

"एका चमच्यानं बी."

बाहेर बाकावर चंदना जिनाप्पाशेजारी येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून ती कधी त्याच्याशेजारी बसली नव्हती. "मामा," ती म्हणाली, "तुमचा राग आला न्हाय असं मी म्हणणार न्हाय. लई आलाय. आत्तींच्या डोळ्यांत मी पाणी आणलं, आन् तुम्ही बसून बघत होता. त्रिशला आता गावाला येणार न्हाय. तुम्हाला बघावं वाटलं तर हिकडं या. येताना खायला काय आणू नका."

जिनेंद्र स्कूटरची किल्ली फिरवत उभा राहिला. बापाची बाजू घ्यायची की बायकोची, हा प्रश्न त्यानं आयुष्यभर किल्लीवरच सोडवला आहे.

जिनाप्पा गावी परतला तो सगळ्या जगावर चिडून. त्याला लाज वाटत होती, पण त्याच्या घराण्यात लाज वाटली की माणूस ओरडतो. तो डॉक्टरवर ओरडला, सुनेला शिकवणाऱ्या कॉलेजवर ओरडला, बसमध्ये खिडकी उघडी टाकणाऱ्यावर ओरडला. मालुबाईवर ओरडायला तोंड उघडलं आणि तिनं नुसतं बघितल्यावर मिटलं. त्या दिवशी त्यानं तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. घागर भरून आणून दिली, आणि मालुबाईनं ती माफी समजून घेतली. दुसरं काय करणार बिचारी.

मग जिनेंद्र फोनवर फोटो पाठवायला लागला. त्रिशला शाळेत, त्रिशला सायकलवर, त्रिशला मागवाल्यांच्या पोरींबरोबर. गाल भरत चालले होते. केसांना चकाकी आली होती. प्रत्येक फोटोत पोर पहिल्यापेक्षा उंच. जिनाप्पा फोटो मोठा करून करून बघायचा, भरमूला दाखवायचा, आणि मग एकटाच खपलीच्या पोत्यापाशी जाऊन बसायचा. नातीचे गाल भरत होते ते त्याच्यावाचून. तिला बरं वाटण्यासाठी त्याचं लांब असणं पुरत होतं. पुण्याच्या कुठल्याही गाडीवाल्यानं त्याला एवढं खोटं पाडलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि आलेलं रडू त्यानं तंबाखूच्या चुन्यावर ढकललं.

त्या फाल्गुनात निपाणीत भावकीतलं लग्न निघालं. चंदनाला यावंच लागलं, त्रिशलाला घेऊन. सोबत घरचा डबा. हुग्गी अर्थातच जिनाप्पाची, आणि वाढायच्या बादलीपाशीही तोच.

आता आमच्याकडची पंगत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. नको असेल तर इथं दोन भाषांत सांगता येतं, मराठीत 'नको' म्हणा, कन्नडात 'बेडा' म्हणा. वाढप्याला दोन्ही ऐकू येत नाहीत. त्रिशला डबा उघडून बसली आणि चारी बाजूंनी बायकांनी तिला घेरलं.

"भाकरी खाती लगनात? आगं, वाढ की तिला जिलबी!"

"डॉक्टरांनी सांगितलंय, चालत न्हाय," चंदना म्हणाली.

"डाक्टर काय गं, सांगत्यातच. येका घासानं काय हुतंय?"

"लेकराला उपाशी मारतीया बघ. शिकलेली."

एका चुलत सासूनं चंदनाचं लक्ष नाही असं बघून पोरीच्या डब्यात जिलबीचा तुकडा टाकला. चंदनानं डबाच उचलून बाजूला ठेवला. जिलबी गेली तशी भाकरीही गेली, सगळं खराब झालं. त्रिशलानं भोकाड पसरलं. बायका च् च् करू लागल्या. चंदनाचे कान लाल झाले होते. एका बाजूला सबंध भावकी, दुसऱ्या बाजूला ही एकटी.

आणि गंमत बघा. त्रिशलाच्याच शेजारी एक म्हातारी बसली होती. वाढप्या तिच्यापुढं आला, तिनं ताटावर तळवा धरला आणि दोनच शब्द म्हणाली, "नेम हाय." वाढप्या थबकला, मान लववली आणि पुढं गेला. कुणी म्हणालं नाही, एका घासानं काय होतंय. कुणी म्हणालं नाही, म्हातारी उपाशी मरतीया.

जिनाप्पा हातात बादली घेऊन हे बघत होता. ज्या लोकांच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काही म्हणून शिरत नाही, सूर्य बुडला की चूल विझते, त्या लोकांना एका पोरीला गहू न वाढणं जमू नये! हजारो वर्षं 'नको' म्हणायचा सराव झालेली माणसं ही. त्याला सगळ्यांची चीड आली, आणि मग आठवलं की ह्यांच्यातला पहिला नंबर आपला. त्यानं बादली भरमूच्या हातात दिली आणि रडणाऱ्या नातीजवळ जायला निघाला. चंदनानं त्याला येताना पाहिलं आणि पोरीला उचलून मांडवाबाहेर गेली. त्याच्या हाताला हुग्गी लागलेली होती.

चातुर्मासात गावच्या बस्तीत एक माताजी मुक्कामाला आल्या. जिनाप्पा मालुबाईला घेऊन दर्शनाला निघाला, तेव्हा गल्लीतले लोक दारात येऊन बघायला लागले.

"माताजी, वंदामि," जिनाप्पानं हात जोडले. "माझ्या नातीला गव्हाचा नेम द्या. ती लहान हाय, बेळगावात हाय, पर तुमी नेम दिलाय म्हटलं की कोन तिला वाढणार न्हाय. डाक्टरचं कोन ऐकत न्हाय हितं." आणि सगळी हकीकत सांगितली. स्वतःच्या औषधाची सुद्धा.

माताजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "जे तिला खाताच येत नाही ते सोडलं, ह्यात त्याग कुठला? त्याला पथ्य म्हणतात. पथ्य डॉक्टर देतात, मी नाही. नेम ज्याला पचतं त्यानं घ्यायचा असतो."

आणि त्या जिनाप्पाकडं बघत राहिल्या.

मालुबाई पदराआडून नवऱ्याकडं बघत होती. बाहेर पायरीवर भरमू कान लावून उभा होता. तंबाखूच्या नेमाचा तो साक्षीदार. जिनाप्पाला हे असं फिरून आपल्यावर येईल याची कल्पना नव्हती. तो नातीसाठी मागायला आला होता. त्यानं खाली बघितलं, वर बघितलं. मग त्याच्यातला वकील जागा झाला.

"माताजी... गहू सोडतो. सोडतो मी. पर त्यात खपली येतीय काय?"

"मला काय विचारता? नातीच्या पोटाला विचारा."

आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर जिनाप्पा जगाशी भांडला, ज्या गोष्टीनं त्याला मान दिला, नाव दिलं, ती त्याच्या तोंडातून निघेना. मग निघाली.

"येतीय," तो म्हणाला. "खपली गहूच हाय."

नेम जन्मभराचा घेतला. माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. मालुबाई रडत होती आणि हसतही होती. परत येताना ती म्हणाली, "आवडत्या वस्तूचा घेतलासा की ओ."

गावानं अर्थात पैजा लावल्या. जिनाप्पा पुढच्या जेवणाला पातेल्यापाशी उभा राहिला, पण चव बघेना. चव न बघता केलेली हुग्गी अशी गोडमिट्ट झाली की लोक पाणी मागत सुटले. "नेमाची हुग्गी," लोक म्हणायला लागले. तेव्हापासून त्यानं उलथणं भरमूला दिलं. खपलीच्या वावरात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला. पुण्याची गाडी दारात आली तेव्हा त्यानं त्यांना ज्वारीचे गुण सांगितले, आणि तेही इतक्या जोरात की ती माणसं घरातलीच पोतंभर ज्वारी घेऊन गेली.

मालुबाईनं फोनवर सुनेला सगळं सांगितलं. चंदनानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तंबाखूसारखा नेम न्हवं ना?" मग एका रविवारी ती एकटीच आली. पोरीला न घेता. डबे उघडले, पिठं हुंगली, जातं पुसून बघितलं. जिनाप्पा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दारात उभा. शेवटी तिनं फोडणीच्या सामानातली डबी उचलली.

"हिंग, मामा."

"हिंगाचं काय?"

"बांधानी हिंगात गव्हाचं पीठ कालवलेलं असतंय."

"हिंगात?" जिनाप्पाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "कांदा न्हाय, लसूण न्हाय, जैनाला जगात येक हिंग ठेवलाय, त्यात बी गहू घातला भडव्यांनी?" त्यानं डबी हातातून घेतली आणि उकिरड्यावर भिरकावली. लग्न होऊन आल्यापासून चंदना सासरी पहिल्यांदा खळखळून हसली. दिवाळीच्या सुट्टीत ती त्रिशलाला घेऊन आली.

त्याच सुट्टीत, चातुर्मास संपताना, बस्तीच्या अंगणात गावजेवण झालं. जिनाप्पा पहिल्यांदाच पातेल्यापाशी न राहता पंगतीत बसला. शेजारी त्रिशला. दोघांपुढं घरचं ताट, भाकरी आणि बिनहिंगाची आमटी. भरमू हुग्गीची बादली घेऊन ओळीनं येत होता. तुपाचा वास आला तसा जिनाप्पानं श्वास धरला. खरं सांगायचं तर त्याला ती हुग्गी इतकी हवी होती की त्यानं आपलं ताटच मागं ओढून धरलं.

समोरच्या बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. "का गं पोरी, तू हुग्गी खात न्हाईस? येवढी गोड हाय."

चंदनानं तोंड उघडलं. त्याआधी त्रिशला म्हणाली, "आमच्या आज्जाला नेम हाय. तो एकटाच भाकरी कसा खाणार? म्हणून मी पण खाते."

"गुणाची गं पोर!" बाई म्हणाली, आणि तिच्या ताटाकडं पुन्हा बघितलं नाही.

हे पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. चंदना सासऱ्याकडं बघत राहिली. जिनाप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं, चांगलं घळाघळा आलं, आणि ते लपवायला चुनासुद्धा जवळ नव्हता. त्यानं आपली भाकरी मोडून अर्धी नातीच्या ताटात टाकली, आणि जवळ आलेल्या बादलीतून थेंब ठिबकताना दिसला तसा साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "भरमू, बादली लांबनं ने रं! हितं दोघं नेमाची मान्सं बसल्यात."